परतीचा पुरावा

बिश्केकहून अल्माटीला माझी गाडी पहाटे साडेतीनला सुटते.
सीट चार. चारही भरल्याशिवाय किल्ली फिरवत नाही.
व्हिसासाठी निघालेला माणूस मला लांबूनच कळतो:
सामान काही नसतं,
छातीशी प्लास्टिकची फाइल,
तापलेलं पोर धरावं तशी.

आयचुरोकबाई अशाच आल्या, एप्रिलात.
हिमनदी मोजते म्हणाल्या.
मी विचारलं, कशानं मोजता, लांबीनं की पाण्यानं?
म्हणाल्या, कमी होण्यानं.
बर्फात खुंटे ठोकायचे,
वर्षानं जाऊन बघायचं किती उघडे पडलेत.

ऑस्ट्रियात कुठंशी परिषद होती,
तिथं त्यांना बोलायला वीस मिनिटं.
त्या वीस मिनिटांची फाइल
कोरदायच्या रांगेत त्यांनी मला वाचून दाखवली:
निमंत्रणपत्र, सही निळ्या शाईची, काळी चालत नाही.
ज्यात अजून पाऊल ठेवलं नाही त्या हॉटेलची पावती.
तीस हजार युरोंचा विमा, "तिकडे मेले तर इकडे आणायला."
फोटो, त्यात हसायचं नाही.
पगाराचा दाखला, तो बघून हसू आवरत नाही.

आणि परत येणार याचा पुरावा.
नवरा? होता.
घर? संस्थेचं.
मेंढ्या अकरा, भावाच्या कळपात, कानाला हिरवा रंग.
"मेंढ्यांचा कागद कुठून आणू हो?"
मी काय सांगणार,
माझी गाडीसुद्धा मेहुण्याच्या नावावर.

पुलावर माणसं पायी जातात, गाडी वेगळी.
खाली चू नदी. दोन्ही काठांवरचे शिपाई
एकसारखीच जांभई देतात.
पलीकडे मी चाळीस मिनिटं थांबलो.
त्या आल्या, म्हणाल्या,
मेंढ्यांचे फोटो आवडले त्यांना.

अल्माटीत खिडकीमागच्या पोरीनं बोटं काचेवर ठेवायला लावली.
यंत्र नाही म्हणालं.
पुन्हा. नाही.
दोरानं आणि थंडीनं रेषाच झिजून गेलेल्या.
ओल्या फडक्यानं पुसून चौथ्यांदा,
तेव्हा कुठं एक करंगळी लागली.
"एवढीच खरी आहे माझी," येताना म्हणाल्या
आणि साम्साचा मोठा तुकडा मला दिला.

मेअखेर पाकीट आणायला पुन्हा माझ्याच गाडीत.
पूल ओलांडेपर्यंत उघडलं नाही.
मग नखानं, चिकटपट्टी न फाडता.
पासपोर्टात काही नव्हतं.
सोबत छापील कागद, ओळीनं चौकोन, एकात फुली:
मुदतीत परत जाण्याचा हेतू संशयास्पद.

मागचा विद्यार्थी झोपेचं सोंग करत होता.
एकोणीस उन्हाळे ही बाई एकाच बर्फाकडे परत जाते.
मी बोललो नाही.
समोर सिमेंटचा ट्रक होता, आणि खरं सांगायचं तर
शब्द सुचेपर्यंत बिश्केक आलं.

सप्टेंबरात फोन.
"चाकांना साखळ्या आहेत का? वरपर्यंत यायचंय.
कागद लागत नाहीत."
रस्ता संपला तिथून तीन तास चढ.
माझे बूट बाजारातले, त्यांचे तिसऱ्यांदा शिवलेले.
सातव्या खुंट्याशी टेपचं टोक मला दिलं:
"घट्ट धर. ओढू नकोस."
दोन मीटर अकरा.
आठवा आडवा पडलेला.
नववा शोधला, सापडला नाही.

वही ओढ्यात भिजली होती.
त्यांनी जाकिटातून तोच कागद काढला,
उलटा केला, गुडघ्यावर ठेवून आकडे लिहिले.
मग वाऱ्याकडे पाठ करून
अख्खं भाषण मला ऐकवलं, रशियनमध्ये, मध्येच किर्गिझ,
घड्याळ लावून वीस मिनिटं.
अर्धं कळलं असेल.
शेवटी टाळ्या वाजवायला गेलो
तर टेप अजून हातातच होता.